बिनमेणाचं मलम

दिवाळी उरकली की पंधरा दिवसांत कारखान्याचा भोंगा सुरू होतो. रस्त्यावर उसाच्या गाड्या लागतात, ट्रॉल्यांमधून निसटलेलं वाडं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, डांबरावर पडून चेंगरतं आणि एखाद्या सकाळी दार उघडताच मळीचा वास घरात येतो, गोडही आणि आंबटही. दोरीवरच्या पांढऱ्या कपड्यांवर काजळीचे बारीक तुकडे येऊन बसतात. ते हाताने झटकायचे नसतात, झटकले की पसरतात. फुंकर मारून उडवावे लागतात. कसबा बावड्यात राहायला येऊन मला बावीस वर्षं झाली. त्यातली पहिली बरीच वर्षं मी झटकतच होते. फुंकर मारायची हे मला अक्कांनी शिकवलं.

याच दिवसांत माझ्या टाचा फुटतात. आधी नुसती पांढरी रेघ दिसते, मग तिची भेग होते आणि मार्गशीर्ष लागेपर्यंत पायावर चादर ओढली की भेगेत धागा अडकतो. यंदाही अडकला. मी माळ्यावरून पितळेचं पातेलं काढलं. तिळाचं तेल, कडुनिंबाचा सावलीत वाळवलेला पाला, मंजिष्ठा, हळकुंडाची पूड, कोकमतेलाचे गोळे, सगळं ओट्यावर मांडलं. तेल मोजून पातेल्यात ओतलं आणि मग त्यातलं अर्धं परत बाटलीत भरलं. सात हिवाळे झाले, तरी हात अजून दोघींचंच माप काढतो.

मी मुलींच्या एका शाळेत प्रयोगशाळा सहायक होते. एकतीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या, स्पिरिटचे दिवे भरले, तराजूची वजनं चिमट्याने उचलली. लग्न केलं नाही. तसं ठरवलं वगैरे नव्हतं, राहून गेलं. घरात आई आणि मी. शेवटची तीन वर्षं आई अंथरुणावर होती आणि त्या तीन वर्षांत माझं बाहेरच्या जगाशी बोलणं दूधवाला, औषधवाला आणि डॉक्टर एवढंच उरलं होतं. समोरच्या इमारतीत तळमजल्यावर एक कुटुंब राहायला आलंय, हे मला त्यांच्या दारातल्या चपलांवरून कळलं होतं. मुलगा, सून आणि मुलाची आई. ही आई म्हणजे अक्का. हातकणंगल्याकडच्या शेतकरी जैन घरातल्या, अडुसष्ट वर्षांच्या, उंच, आवाज शेतात हाक मारायचा असतो तसला. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणायला लागली तशी मीही म्हणू लागले.

एका दुपारी त्या न विचारता आत आल्या आणि थेट आईच्या खाटेपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"पाठीला काय लावतीस?"

"डॉक्टरांनी दिलंय ते."

"ते लाव. ते लावायचंच. पर भवतीची कातडी बघ की सुमन, कागदागत झालीया. हात लावला तर फाटंल."

माझं नाव त्यांना कुठून कळलं, हे मी विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या घरचं तूप आणि तांब्याची परात घेऊन आल्या. परातीत तूप घालायचं, तेवढंच गार पाणी घालायचं आणि तळहाताने घोटायचं. मग पाणी ओतून द्यायचं आणि नवं घालायचं. असं शंभर वेळा. आकडा चुकू नये म्हणून अक्कांनी शंभर चिंचोके मोजून आणले होते. प्रत्येक पाण्याला एक चिंचोका इकडून तिकडे. दहा-बारा पाण्यांनंतर तुपाचा पिवळा रंग गेला. पन्नासच्या आसपास वास गेला. ऐंशीनंतर ते तूप तूप राहिलंच नव्हतं. पांढरं, हलकं, बोटावर घेतलं तर गार लागणारं असं काहीतरी झालं होतं. दोन दुपारी लागल्या त्याला. मी परात धरायची, त्या घोटायच्या, त्यांचा हात भरून आला की आम्ही जागा बदलायचो. त्या दोन दुपारी मिळून आम्ही पन्नास वाक्यं बोललो असू. पण कोणाबरोबर तरी एकच काम करत बसण्याची माझी सवय इतकी मोडली होती, की दुसऱ्या दिवशी त्या परात विसळून घरी गेल्या आणि मला उगीचच भूक लागली.

आईला कोण आलं, कोण गेलं हे कळायचं थांबलं होतं. पण ते पांढरं तूप पाठीला लावलं की तिचा कण्हण्याचा आवाज बारीक होत होत बंद व्हायचा. श्रावणात ती गेली.

नंतरचे दिवस कसे गेले ते सांगता येत नाही, कारण ते गेलेच नाहीत. दुपारी साडेतीनला आईला चहा भरवायची वेळ. ती वेळ रोज यायची आणि पुढे सरकायची नाही. मी स्वयंपाकघरात उभी राहायची. गॅस पेटवायचा की नाही, हे ठरवता यायचं नाही. एका साडेतीनला अक्का दारात उभ्या. हातात कडुनिंबाच्या डहाळ्यांची मोळी.

"रडून झालं काय?"

"रडत नव्हते."

"मग तर लईच वाईट. चल, पातेलं काढ."

त्या हिवाळ्याबद्दलच मला लिहायचंय. कार्तिकात सुरू झालेला आणि होळीच्या आधी संपलेला, माझ्या आयुष्यातला बहुधा सर्वात भरलेला हंगाम. टाचांचं मलम, ओठांचं मलम, भांडी घासून चरे पडलेल्या हातांचं मलम, लहान मुलांच्या उललेल्या गालांसाठी लोण्यासारखं मऊ क्रीम. सगळं आम्ही माझ्या ओट्यावर केलं. अक्कांचं ज्ञान हातात होतं आणि माझं तराजूत. त्या म्हणायच्या, "मूठभर पाला." मी ती मूठ वजन करून वहीत लिहायची. त्या हसायच्या. "माझी मूठ काय रोज वाढती व्हय गं?" पण पुढच्या वेळी त्याच विचारायच्या, "बघ की, किती लिवलीयास?"

त्यांचे नियम होते. अष्टमी-चतुर्दशीला पाला तोडायचा नाही. तोडण्याआधी डहाळी हळूच हलवायची, मुंग्या असतील तर खाली उतरू द्यायच्या. पाणी फडक्याने गाळून घ्यायचं आणि मग ते फडकं तसंच पिळायचं नाही, त्यात बारीक जीव अडकलेले असतात. मी या गोष्टी आधी गंमत म्हणून पाळल्या, मग सवय म्हणून. पाल्याचा काढा तेलात आटवताना पाणी पुरतं उडालं की नाही हे बघायला त्या कापसाची वात तेलात बुडवून पेटवायच्या. तडतडली तर पाणी आहे. गुपचूप जळली तर तेल तयार. एकतीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या मला ही परीक्षा माहीत नव्हती. वात गुपचूप जळताना आम्ही दोघी वाकून बघायचो, आमची डोकी जवळजवळ एकमेकींना लागायची. त्यांच्या केसांना खोबरेलाचा वास यायचा.

पहिली डबी आम्ही ऊसतोडीच्या एका बाईला दिली. आमच्या गल्लीतल्या नळावर ती पाणी भरायला यायची. उसाच्या पात्यांनी तिचे तळहात असे कापले होते, की घागर उचलताना ती बोटं वाकवायचीच नाही, मनगटांनी उचलायची. अक्कांनी तिला पायरीवर बसवून दोन्ही हातांना मलम चोळलं. दोन दिवसांनी ती तक्रार घेऊन आली.

"मावशी, हात मऊ पडले, पर कोयता निसटतोय की हातातून!"

अक्का इतक्या मोठ्याने हसल्या की वरच्या मजल्यावरच्या खिडक्या उघडल्या. "अगं, कामाला जाताना न्हाय लावायचं! निजताना लाव, निजताना." ती बाईही हसली. मीसुद्धा हसले. श्रावणानंतरचं ते माझं पहिलं हसणं होतं, हे मला घरात परत आल्यावर, दार लावल्यावर कळलं.

कोकमतेल आणायला आम्ही एस.टी.ने गगनबावड्याला गेलो. घाटाच्या माथ्यावर गार वारा होता. आम्ही दोघींनी एकच शाल पांघरली होती आणि तिचं एक टोक वारा सारखा ओढून नेत होता. कोकणातून वर आलेल्या बायका कोकमतेलाचे गोळे विकत बसल्या होत्या. मुठीत दाबून केलेले, प्रत्येकावर कुणाच्या तरी बोटांचे ठसे. अक्का एकेक गोळा नाकाशी धरून निवडत होत्या. शेजारी एक माणूस मधाच्या बाटल्या आणि मेणाच्या पिवळ्या वड्या घेऊन बसला होता.

मी म्हटलं, "अक्का, मलम घट्ट व्हायला हे मेण घालतात."

अक्कांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. "ते न्हाय घ्यायचं. मध न्हाय आणि मेण बी न्हाय. पोळं पिळताना किती जीव जातात ठावं हाय का? आमच्यात चालत न्हाय."

"कोकमतेल थंडीत घट्ट राहील, पण ऊन वाढलं की..."

"वाढू दे."

त्या पाणी प्यायला गेल्या तेव्हा मी एक वडी घेतली. वापरायची म्हणून नाही, असं मी स्वतःला सांगितलं. नुसती बघायची, वितळबिंदू काढायचा. पिशवीच्या तळाशी, रुमालात गुंडाळून ठेवली. परतीच्या बसमध्ये अक्का माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपल्या आणि ती पिशवी माझ्या मांडीवर होती.

माघ अर्धा सरला आणि दुपारी ऊन टोचायला लागलं. एका दिवशी फळीवरच्या बावीस डब्यांमधलं मलम पातळ झालं. झाकणांच्या कडेने तेल उतरलं, वहीची पानं भिजली, माझी सुवाच्य अक्षरं पारदर्शक झाली. मला फार लागलं ते. आज विचार करताना वाटतं, मलमाचं एवढं काय होतं? माघ संपला की हवेतला कोरडेपणा कमी होतो, टाचा आपोआप भरून येतात. ज्या दिवसांत मलम टिकत नाही त्या दिवसांत ते फारसं लागतही नाही. हे मला तेव्हा सुचलं नाही. मला एवढंच दिसत होतं, की मलम संपलं तर अक्कांचं साडेतीनला येणंही संपेल. आणि शिवाय आपण केलेली गोष्ट बिघडते, हे माझ्यातल्या प्रयोगशाळेतल्या बाईला सहन होत नव्हतं.

एका सकाळी, अक्का मंदिरात गेल्या असताना, मी सगळ्या डब्या पातेल्यात ओतल्या, मेणाची वडी किसली, वजन केली आणि घातली. शंभराला आठ ग्रॅम. मलम सुंदर जमलं. वर बोट फिरवलं तर मऊ, डबी उन्हात ठेवली तरी हलत नाही. साडेतीनला अक्का आल्या, त्यांनी एक डबी उघडून उलटी धरली आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या.

"अगं बाई! काय केलीस?"

"तेल जास्त आटवलं," मी म्हणाले.

त्यांनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली.

महाशिवरात्र झाली आणि अक्का एक दिवस धापा टाकत आल्या. बेळगावच्या बाजूने एक वयस्कर आर्यिका माताजी, म्हणजे जैन साध्वी, विहार करत आल्या होत्या, हातकणंगल्याजवळच्या एका गावात, बस्तीत म्हणजे जैन मंदिरात उतरल्या होत्या. अनवाणी चालून त्यांच्या टाचा इतक्या फुटल्या होत्या की पावलांमागे रक्ताचे डाग उठत होते. त्यांची सेवा करायला अक्कांना जायचं होतं. "आपलं मलम घिऊन जाऊया. तू बी चल."

तेव्हा सांगायला हवं होतं. बसस्टॉपवर सांगता आलं असतं. बसमध्ये तासभर आम्ही शेजारी होतो, तेव्हाही. अक्का सबंध वाट आनंदाने बोलत होत्या. त्यांच्या लहानपणी त्यांच्या आईने कुण्या माताजींच्या पायांना तूप चोळलं होतं, ते सांगत होत्या. मी खिडकीतून तोडलेल्या उसाची रानं बघत होते.

बस्तीच्या ओवरीत माताजी पाय पुढे घेऊन बसल्या होत्या. पांढरी साडी, शेजारी मोरपिसांची पिंछी, पायांची कातडी वाळलेल्या तळ्यासारखी. अक्कांनी गाळलेल्या कोमट पाण्याने ते पाय धुतले, मी फडकं पुढे केलं. अक्कांनी डबी उघडली.

माताजी सावकाश, कानडी वळणाच्या मराठीत म्हणाल्या, "यात काय काय आहे?"

अक्कांनी सांगितलं. तिळाचं तेल, कडुनिंब, मंजिष्ठा, हळकुंड, कोकमतेल. एकेक नाव उच्चारताना त्यांचा आवाज उंच होत गेला.

"शुद्ध आहे ना?"

"शुद्ध हाय माताजी. माझ्या हातानं केलोय मी." आमच्याकडे बायकाही स्वतःबद्दल 'मी केलो, मी आलो' असंच बोलतात. त्या दिवशी त्यातला ठसका मला छातीवर हात मारल्यासारखा ऐकू आला. बोलता बोलता अक्कांनी माझ्याकडे बघितलं, साक्षीदाराकडे बघावं तसं. मी मान हलवली.

मग त्या भेगांमधून मलम भरू लागल्या, करंगळीने, एकेक भेग. मी फडकं धरून होते. माझ्या हातात फडकं होतं हे मला आजही तंतोतंत आठवतं. त्याची किनार निळी होती.

माताजींच्या टाचा आठवड्याभरात भरल्या. अक्का भेटेल त्याला सांगत सुटल्या. तिथल्या बायकांनी कृती मागितली, अक्कांनी माझ्या वहीतून मापं उतरवून नेऊन दिली. होळी चार दिवसांवर आली असताना त्या माझ्याकडे आल्या आणि पदराखालून त्या बायकांनी केलेल्या मलमाच्या दोन डब्या काढून ओट्यावर ठेवल्या.

"हे बघ. नुसतं तेल झालंय. मापं तुझीच, सगळं तुझंच, आणि तुझं घट्ट नि त्यांचं पातळ. काय चुकलं सांग बघू, मी जाऊन सांगतो त्यास्नी."

मी आपणहून कबूल केलं, असं मला म्हणता येत नाही. प्रश्न माझ्या ओट्यावर येऊन बसला होता. आणि तेव्हाही मी आधी तोंड उघडलं ते खोटं बोलायलाच. त्यांनी पाणी पुरतं उडवलं नसेल, कोकमतेल भेसळीचं असेल, पातेलं ओलं असेल. सगळी कारणं शास्त्रशुद्ध होती. "त्यांचं कोकमतेल..." असं मी सुरू केलं आणि अक्का माझ्या तोंडाकडे बघत ओठ हलवायला लागल्या. विसरू नये म्हणून माझे शब्द मनातल्या मनात पाठ करत होत्या. ते वाक्य मी तिथेच सोडून दिलं.

"अक्का, आपल्यात मेण आहे."

"कसलं मेण?"

"मधमाशीचं. गगनबावड्याला घेतलं होतं मी."

त्यांनी फळीवरच्या आमच्या डब्यांकडे बघितलं.

"किती?"

"शंभराला आठ ग्रॅम."

"माताजींच्यात बी?"

"हो."

त्या उठल्या. माझ्या बेसिनपाशी जाऊन साबण लावून हात धुतले. पुन्हा लावला, पुन्हा धुतले. तिसऱ्यांदा धुतले. माझा टॉवेल तिथेच होता, त्यांनी स्वतःच्या पदराला हात पुसले. चपला घातल्या आणि गेल्या. दार उघडंच राहिलं. अक्कांनी दार उघडं टाकून जाण्याची ती पहिलीच वेळ.

साडेतीन पुन्हा येऊ लागले आणि पुन्हा पुढे सरकेनात. मी गॅलरीतून समोर बघायची. त्या अंगणात धान्य निवडत बसलेल्या दिसायच्या, मान वर करायच्या नाहीत. रंगपंचमीला त्यांची सून सुप्रिया रस्त्यात भेटली. माझ्या गालाला गुलाल लावून सासूबद्दल हळूच म्हणाली, "काय झालं ते आत्या सांगत नाहीत. पण माताजींकडून प्रायश्चित्त घेऊन आल्यात. उपवास धरलेत आणि वर्षभर तूप सोडलंय." मला माझ्या गालावरचा रंग नकोसा झाला.

म्हणजे माझ्या हातून घडलेलं अक्कांनी स्वतःच्या नावावर घेतलं होतं. मी शोधत शोधत माताजींकडे गेले. त्या पुढच्या गावी निघून गेल्या होत्या, तिथून त्याच्याही पुढच्या. तिसऱ्या गावी सापडल्या. मी वाकून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं.

"अक्कांना सांगितलं ना तुम्ही?"

"सांगितलं."

"मग माझ्याकडे का आलात?"

"त्या माझ्याशी बोलत नाहीत."

माताजींनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, मायेनेही नाही. रस्ता विचारणाऱ्याकडे बघावं तसं. "ते मी कसं करणार, बाई?" त्या म्हणाल्या.

ज्येष्ठात अक्कांच्या मुलाची पुण्याला बदली झाली. सामानाचा टेम्पो भरला. सुप्रिया माझ्याकडे किल्ली देऊन गेली, नवे मालक येतील म्हणून. अक्का पुढच्या गाडीत आधीच बसल्या होत्या. मी फाटकाशी उभी राहून हात वर केला. त्यांचा चष्मा त्यांच्या हातात होता, त्या तो पदराने पुसत होत्या. मी दिसले असेन किंवा नसेन.

त्यानंतर मी दर हिवाळ्यात मलम करते, मेणाशिवाय. माघाच्या शेवटी ते पातळ होतं, तेव्हा थांबते. शेजारणी नेतात, छान आहे म्हणतात, डबी परत आणून देतात. आत येऊन ओट्याशी उभं राहायला कुणाला वेळ नसतो आणि मलाही तसं म्हणायची सवय उरली नाही. वात पेटवून मी एकटीच वाकून बघते. एकटीने बघायला ती फारच लवकर जळून जाते. माणूस एकटं असलं म्हणजे घर रिकामं असतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. घर माझ्याच आवाजांनी भरलेलं असतं. पातेलं मी ठेवलं, ते वाजलं. नळ मी सोडला, तो वाहिला. माझ्याविना काहीच हलत नाही, हे फार दमवणारं असतं.

यंदा संक्रांतीनंतर सुप्रियाचा फोन आला. सात वर्षांनी तिचा आवाज मी ओळखला नाही. अक्का घसरून पडल्या होत्या, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. पुण्यात त्यांचं मन लागेना म्हणून हातकणंगल्याला भावाकडे येऊन राहिल्या होत्या. "तुम्हाला बोलावलंय असं नाही," ती प्रामाणिकपणे म्हणाली, "पण तुम्ही जाऊन या."

मी गेले. भावाच्या घरी सोप्यात, खिडकीशी टाकलेल्या खाटेवर अक्का बसल्या होत्या. उंची तशीच, आवाज मात्र खोलीपुरता झालेला.

"कोण? सुमन? वाळलीस की गं."

मी पिशवीतून डबी काढली. त्यात काय काय आहे ते सांगायला लागले, तेल, पाला, कोकम. अक्कांनी हात वर करून मला थांबवलं आणि पांघरूण बाजूला सारून पाय दाखवले. टाचा गुळगुळीत, गुलाबी, तान्ह्या मुलासारख्या.

"आता फुटत न्हाईत. चालतोय कुठं मी?"

मी डबी हातातच धरून बसले. बाहेर कुणीतरी कडबा उतरवत होतं. अक्का खिडकीकडे बघत बोलल्या.

"मेणाचं म्हणशील तर त्याचं प्रायश्चित्त झालं. घेतलो, केलो, संपलं. पर मी 'शुद्ध हाय' म्हणून सांगालोय आणि तू शेजारी बसून मान हलीवलीस. ते मला अजून दिसतंय बघ. त्याला कुठलं प्रायश्चित्त? कुणी घ्यायचं?"

"मी भ्याले होते, अक्का."

"कशाला?"

"तुम्ही यायच्या बंद व्हाल म्हणून."

त्यांनी माझ्याकडे मान वळवली. त्यांच्या डोळ्यांत पाणी नव्हतं, माझ्याही नव्हतं. "मग?" त्या म्हणाल्या. "झालो की बंद."

मी तिथेच बसून राहिले, त्यांनी जा म्हटलं नाही. त्या भावाच्या नातवंडांबद्दल बोलल्या, ऑपरेशन करणाऱ्या खर्जातल्या आवाजाच्या डॉक्टरबद्दल बोलल्या, माझ्या आईची आठवण काढली. त्या सात वर्षांबद्दल आम्ही दोघीही बोललो नाही. ऊन भिंतीवर चढलं तशा त्या एकदम दटावल्यासारखं म्हणाल्या, "ऊठ, हातपाय धू. दिस बुडायच्या आत जेवून घे. आमच्यात नंतर मिळायचं न्हाय." त्यांच्या भावजयीने दोन ताटं आणली. अक्कांनी आपल्या ताटातली भाकरी मोडली आणि विचार न करता, जुन्या सवयीने, अर्धी माझ्या ताटात टाकली. मग आपण काय केलं ते त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्या थोड्या थांबल्या. पण भाकरी परत घेतली नाही. मी ती खाल्ली. 'पुन्हा ये' असं त्या म्हणाल्या नाहीत. 'सावकाश जा' म्हणाल्या.

स्टेशनवर गाडीला वेळ होता. सूर्य नुकताच मावळला होता आणि फलाटावरचे दिवे अजून लागायचे होते. बाकावर माझ्या शेजारी कोल्हापूरला निघालेली एक बाई फडकं सोडून जेवायला बसली. तिने चटणीची भाकरी माझ्यापुढे धरली.

"घ्या की ओ."

"नको, जेवलेय मी."

"एवढ्या लौकर? कुणाकडं गेलतासा?"

"अक्काकडे."

"थोरली भन व्हय? सख्खी?"

माझ्या तोंडावर 'हो' आलं होतं. म्हणून टाकलं असतं तर कुणाचं काही बिघडलं नसतं.

"नाही," मी म्हणाले. "शेजारीण."

तिने घास हातात तसाच धरला आणि माझ्याकडे बघून खदखदून हसली. "शेजारीण, आणि हातकणंगल्यात? तुम्ही राहता कुठं?"

"बावड्यात."

"मग शेजार कसला ओ त्यो!"

"लांबचा हाय," मी म्हणाले.